जळगावात ७ जणांचं ऑफिस बांधायचंय: काळी माती, पश्चिमेला रस्ता, बजेट ४० लाख

रंगपेटी
नमस्कार मंडळी. आमची ७ जणांची टीम आहे, दोन जण व्हिडिओ एडिटिंगला, तिघं डिझाइनला, एक साउंडवाला आणि एक जण हिशोब आणि गिऱ्हाईक सांभाळतो. केळीच्या चिप्सची पाकिटं, सराफांच्या दागिन्यांचे फोटो, लग्नाचे अल्बम, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ, जे येईल ते करतो. सध्या भाड्याच्या गाळ्यात दुसऱ्या मजल्यावर आहोत, वर थेट स्लॅब. एप्रिल ते जून दोन एसी दिवसभर चालू, तरी चार वाजता कीबोर्डला हात लावला की गरम लागतो.

आता पिंप्राळ्याकडे ४० बाय ६० चा एनए प्लॉट आहे. रस्ता पश्चिमेला, ४० ची बाजू रस्त्याला. माती काळी. मागच्या मालकाने लावलेला एक मोठा कडुलिंब आहे, पश्चिमेच्याच बाजूला, पार्किंगच्या जागेत येतोय म्हणून तोडावा लागेल असं वाटतंय. पुण्याच्या एका आर्किटेक्टने थ्रीडी करून दिलंय, समोर पूर्ण काच, दिसायला एकदम भारी.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ५ वर्षांनी आम्ही १२ जण असू की ४, काही सांगता येत नाही, आजकाल एआयमुळे अर्धं काम कुठे जाईल कळत नाही. धंदा बसला तर तीच जागा दवाखान्याला, क्लासला किंवा राहायलाही देता आली पाहिजे. आणि वीज-पाणी कमी लागेल असं बांधायचंय. कोणी असं बांधलंय का? काय विचारायला हवं तेच कळत नाहीये म्हणून इथे टाकतेय.

भुसावळचीभट्टी
भाऊ, पश्चिमेला पूर्ण काच? जळगावात? मे महिन्यात तुमचं भरीत व्हई जाई, वरून कांद्याची पात टाकायची बाकी राहील फक्त.

चेष्टा सोडा. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत. मे च्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि जुलैच्या मध्यानंतर परत एकदा. म्हणजे उन्हाळ्यात दुपारचा मार भिंतीला नसतो, छताला असतो. दक्षिणेच्या भिंतीला त्या काळात फारसं ऊन लागतच नाही, छज्जा दिला की विषय संपला. पश्चिमेचं तसं नाही, तिथे दोननंतर ऊन आडवं येतं, छज्जाच्या खालून घुसतं. त्याला वरून झाकून उपयोग नाही, समोरून काहीतरी पाहिजे. काच लावून मग आतून पडदे ओढून बसायचं आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावायची, हे मी तीन ऑफिसात पाहिलंय.

रंगपेटी
भाऊ नाही हो, ताई. पण मुद्दा पटला. मग रस्त्याच्या बाजूला काय, सरळ कोरी भिंत? गिऱ्हाईकाला दिसलं तर पाहिजे ना काहीतरी.

भुसावळचीभट्टी
माफ करा ताई. पश्चिमेला ज्या खोल्यांत माणूस बसत नाही त्या टाका. संडास, जिना, पॅन्ट्री, सामानाची खोली. ऊन त्यांनी खावं. काच उत्तरेला न्या. तिथून दिवसभर सारखा उजेड येतो, रंग बघायचं काम करणाऱ्यांना तोच लागतो. फक्त जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, तेव्हा संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतही तिरीप येते, म्हणून खिडकीच्या कडेला उभी पट्टी द्या फूटभराची. आणि तो कडुलिंब पश्चिमेला आहे म्हणता, आणि तोडताय? अहो तो फुकटचा छज्जा आहे, उभा!

निवृत्तओव्हरसियर
काच, छज्जा सगळं नंतर. आधी जमिनीखाली बघा. ३१ वर्षं बांधकामात घालवली, धुळे-जळगाव दोन्हीकडे, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे मध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. लोकांना वाटतं लहान बांधकाम आहे, हलकं आहे, पाया कमी चालेल. उलटं आहे. मोठी इमारत स्वतःच्या वजनाने मातीला दाबून धरते, हलकं बांधकाम माती उचलून टाकते. म्हणून बंगले, कंपाउंड वॉल, एकमजली ऑफिसं यांनाच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात.

तीन ठिकाणी खड्डे घ्या, मुरूम किती फुटावर लागतो बघा. सहा-आठ फुटात लागला तर फुटिंग, म्हणजे खांबाचं खालचं बूड, मुरमात टेकवा, मोकळे व्हा. खूप खोल असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला खांब, तो हालचाल होणाऱ्या थराच्या खाली जाऊन धरतो. रुरकीच्या सीबीआरआयने, म्हणजे इमारत संशोधन संस्थेने, हे तंत्र आपल्यासारख्या मातीसाठीच पुढे आणलं. आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याचा बीम, मातीवर टेकवू नका, खाली दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवा, नाहीतर माती फुगली की बीमच उचलेल. भोवती चार-पाच फुटांची फरसबंदी करा, पाणी इमारतीपासून लांब जाईल असा ढाळ द्या. गळका नळ भिंतीलगत चालणार नाही. एका बाजूची माती ओली आणि दुसरी कोरडी, तिथेच बांधकाम तिरकं होतं.

आता झाडाचं. नवीन मोठं झाड भिंतीजवळ लावू नये, मुळं पाणी ओढतात. पण असलेलं जुनं झाड तोडणं पण तितकंच वाईट, कारण इतकी वर्षं ते ओढत होतं ते पाणी आता मातीत राहतं आणि माती हळूहळू वर येते, काही वर्षं चालतं ते. तोडून लगेच त्यावर बांधलेली एक खोली मी पाहिली आहे, फरशी पोटुशी झाली होती. झाड ठेवा, बांधकाम त्याच्यापासून लांब सरकवा. अंतर किती ते खड्ड्यानंतर बोलू.

जिनिंगचीचिमणी
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पर्यावरणाचं एवढं असेल तर बांधताच कशाला? सिमेंट-लोखंड आलं की सस्टेनेबल-फिस्टेनेबल सगळं कागदावर. खान्देशात जुन्या जिनिंगचे, डाळ मिलचे शेड बंद पडून आहेत, उंच छत, मधे खांब नाही, भिंती दीड फुटी. एक घ्या, साफ करा, आत हवं तसं बसा. उद्या टीम वाढली तर दोन टेबलं जास्त टाका.

रंगपेटी
राग कसला, आम्ही आधी तेच केलं. दोन शेड पाहिले, एक तर प्रेमात पडावं असा होता, वर उत्तरेकडे तोंड केलेल्या खिडक्यांच्या रांगा. पण मालक ११ महिन्यांच्या वर कागद करायला तयार नाही. साउंड रूमला लाख-दीड लाख घालायचे आणि बाराव्या महिन्याला खाली कर म्हणाला तर? म्हणून प्लॉट.

जिनिंगचीचिमणी
हां, तो प्रॉब्लेम आहे. मग निदान त्या शेडमधून एवढं उचला: छत उंच आणि मधे भिंत नको.

धाब्याखाली
हा धागा वाचून आजोबांचं घर आठवलं, अमळनेर तालुक्यात. धाब्याचं घर होतं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, पाच खणांचं. नवीन पोरांना सांगतो, दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, घर फुटात नाही खणात मोजायचे. भार सगळा लाकडी खांबांवर, भिंती मातीच्या, नुसत्या आडोशाच्या. त्यामुळे भिंत कुठली पण काढा कुठली पण घाला, घर उभंच. माझ्या डोळ्यासमोर त्याच पाच खणांत आधी आमचं घर, मग तीन खणात कापूस भरलेला आणि दोन खणात आजी, मग पुढच्या दोन खणात काकाचं किराणा दुकान, आणि आता तिथे बालवाडी भरते. कोणी आर्किटेक्ट त्याला अडॅप्टेबल म्हणाला नव्हता, पण ते होतं.

मला वाटतं तुम्ही हॉल वगैरे विचार न करता खणात विचार करा. समजा १२ फूट रुंदीचा एक खण, आतपर्यंत २४ फूट. आता तीन खण बांधा, म्हणजे ३६ बाय २४. चौथ्या खणाची जागा पूर्वेला मोकळी ठेवा, पत्रा नाही, काही नाही, अंगण. बारा जण झालात तर चौथा खण. चार जण उरलात तर एक खण पडदीने बंद करून भाड्याने. त्या खणाला स्वतःचं दार आणि स्वतःचा मीटर निघेल अशी सोय आत्ताच करा, हे महत्त्वाचं.

पांझराकाठ
फडासारखं झालं हे. पांझरेवर फड पद्धत आहे ना, बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, यंदा या फडात ऊस, पुढच्या वर्षी दुसरं काही, पाणी बघून ठरवायचं. जमीन तीच, पीक फिरतं. खण पण तसेच फिरवा.

निवृत्तओव्हरसियर
धाब्याचं कौतुक ठीक आहे पण एक आठवण देतो. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. तिथे छतावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेली घरं होती आणि दगडी भिंतींना एकमेकींचा आधार नव्हता. माणसं त्याच्याखाली गेली. भूकंपाच्या जुन्या नकाशात आपला तापीचा पट्टा झोन ३ मध्ये आहे, शून्य नाही. म्हणून कल्पना धाब्याची घ्या, सांगाडा आरसीसीचाच घ्या, बीम-कॉलमचे जोड नीट, रिंगा जवळजवळ. २४ फुटाचं अंतर मधे खांब न ठेवता घ्यायचं तर बीम साधारण दोन फूट खोल जाईल, खर्च वाढेल पण जमतं. त्यापेक्षा उत्तरेकडून ८ फुटावर एक खांबांची रांग दिली तर स्वस्त पडेल आणि तिथेच पडवीसारखी येण्याजाण्याची वाट होते. टीमला विचारून बघा.

दुसरं, पाया आजच वरच्या एका मजल्यासाठी धरा. वरच्या मजल्याचे पैसे नंतर, पण पायाचे पैसे नंतर देता येत नाहीत. आणि कृपा करून गच्चीवर कॉलमच्या सळया उभ्या सोडू नका, अर्ध्या गावाने तसं केलंय, १५ वर्षं त्याच्यावर दोरी बांधून कपडे वाळतात आणि सळई गंजून काडीसारखी होते. सोडायच्याच असतील तर सिमेंटची स्लरी फासून, कच्च्या, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये झाकून ठेवा.

वाळ्याचापडदा
ताई, आमचं पण तुमच्यासारखंच काम आहे, छपाई आणि डिझाइन. उन्हाळ्यात एसी न वापरता चाललंय म्हणून लिहिते.

आपल्याकडे मे महिना कोरडा असतो, त्यामुळे कूलर जबरदस्त चालतो, मुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही. पण कूलरला हवा बाहेर जायला तेवढीच खिडकी उघडी पाहिजे, लोक दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात आणि मग म्हणतात चिकचिक होतं. मोठा डक्ट कूलर पूर्वेच्या भिंतीला, आणि समोर पश्चिमेच्या बाजूला वर झरोके, गरम हवा वर चढते ती तिथून निघते. पहिल्या वर्षी आम्ही कूलरचं तोंड प्रिंटरकडे केलं होतं. सगळा फोटो पेपर वळला. अल्बमची एक अख्खी ऑर्डर परत छापली. तेव्हापासून प्रिंटर आणि कागद वेगळ्या बंद खोलीत.

जुलै ते ऑक्टोबर कूलर विसरा, तेव्हा पंखे. बीएलडीसी मोटरचे घ्या, कमी वीज खातात, साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या. आणि तुमच्या माणसांपेक्षा तुमचे कॉम्प्युटर जास्त उष्णता सोडतात, एडिटिंगचं मशीन ३०० वॅट खात असेल तर ते सगळे ३०० वॅट शेवटी खोलीतच येतात. जमलं तर एडिटिंगची मशीनं सामानाच्या खोलीत ठेवा आणि लांब केबलने फक्त स्क्रीन टेबलावर आणा.

साउंड रूमला मात्र एसी लागणारच. ती खोली १० बाय १० ची करा आणि अगदी मधल्या खणात घाला, जिची एकही भिंत बाहेरच्या उन्हाला लागणार नाही. छोटा एक टनी पुरतो, आणि २६ वर ठेवा.

रंगपेटी
कागदाचं वाचून पोटात गोळा आला, आमचाही स्टॉक उघड्या रॅकवर आहे. मशीनं दुसऱ्या खोलीत ठेवायची आयडिया साउंडवाल्याला फार आवडली, त्याला पंख्यांचा आवाज नको असतो.

साक्रीकडचा
सोलारचं मी बोलतो. आमच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प आहे, म्हणजे ऊन आपल्याकडे भरपूर हे सिद्ध झालंय. पण दोन गोष्टी लोक सांगत नाहीत. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलार योजनेची सबसिडी घरांना आहे, ऑफिसला नाही, एजंट काही पण बोलो. आणि पॅनलला ऊन पाहिजे, उष्णता नको. पॅनल २५ अंशाच्या वर जितका तापतो तितकी दर अंशाला वीज ०.३ ते ०.४ टक्के कमी. मे मध्ये पॅनल ६५ ला गेला तर गणित करा.

तुमच्या सात मशीनचा हिशोब: ३०० वॅट, ८ तास, जवळजवळ १७ युनिट. १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरा, म्हणजे ५ किलोवॅट. जागा लागेल ५०० स्क्वेअर फूट. तुमचं छत ८६४ स्क्वेअर फुटाचं आहे. पॅनल छताला चिकटवू नका, सात-आठ फूट उंच स्ट्रक्चरवर घ्या, खालून वारा जातो म्हणून पॅनल थंड राहतात आणि स्लॅबवर सावली पडते. उरलेल्या स्लॅबला पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. पण स्ट्रक्चरचे बोल्ट इंजिनिअरकडून काढून घ्या, आपल्याकडे मे-जूनचं वादळ केळीची बागच्या बाग आडवी करतं. आणि पॅनल बोअरच्या पाण्याने धुऊ नका, क्षाराचा पांढरा थर बसतो.

भुसावळचीभट्टी
पावसाचं पाणी आहे ना धुवायला. ८६४ स्क्वेअर फूट म्हणजे ८० चौरस मीटर, आपल्याकडे वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, एक मिमी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. ५६ हजार लिटर. वाया जाणारं धरून ४५ हजार तरी हाती येतं. फक्त टाकी कुठे ठेवायची ते ओव्हरसियर साहेबांना विचारा, नाहीतर ते मला झोडतील.

निवृत्तओव्हरसियर
झोडणारच. टाकी पायापासून लांब, पूर्वेच्या कोपऱ्यात. शोषखड्डा तर भिंतीजवळ अजिबात नको, काळ्या मातीत पाणी मुरत पण नाही आणि ती फुगते मात्र. जास्तीचं पाणी बोअरला गाळून सोडा.

वायरमनदादा
भो, सगळे बोलले पण भिंतीतल्या पाइपाबद्दल कोणी बोललं नाही. सगळ्यात जास्त तोडफोड त्याचीच असते. गिलावा झाला, रंग झाला, आणि मग मॅडम म्हणतात टेबल इकडे घ्यायचंय, पॉइंट पाहिजे. घ्या छिन्नी.

बाहेरूनच घ्या सगळं. बीमच्या खाली पूर्ण लांबीला केबल ट्रे, तिथून खाली पाइप, दिसू द्या, रंग मारा लाल-पिवळा, तुमच्याकडे डिझाइनर आहेत. प्रत्येक खणाला वेगळी डीबी, म्हणजे फ्यूज-स्विचची पेटी. नळाचं पण तसंच, पाणी लागणारं सगळं एका रांगेत पश्चिमेला, तिथून हलवायचं नाही. सांगाडा ५० वर्षं राहील, वायर १५-२० वर्षांनी बदलावी लागते, इंटरनेटचं तर दर तीन वर्षाला काहीतरी नवीन. जे आधी मरणार ते भिंतीत पुरायचं कशाला?

अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात बिल्डिंग २० म्हणून एक होती, १९४३ मध्ये युद्धाच्या घाईत लाकडाची तात्पुरती बांधली आणि १९९८ पर्यंत वापरली. वायर-पाइप उघडे, भिंत आडवी आली की लोक बिनधास्त भोक पाडायचे. मोठमोठे शोध लागले म्हणे तिथे. माझा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने सांगितलं. मी म्हटलं तिथला वायरमन सुखी असेल.

धाब्याखाली
भिंतींचं राहिलं. बाहेरच्या भिंतींना रॅट-ट्रॅप बॉन्ड बघा, केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी पुष्कळ वापरला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते. भिंत ९ इंचीच पण विटा चौथाईने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत उशिरा पोचतं. आपल्याकडे दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा मिळतात, कडा सरळ असतात, या कामाला बऱ्या. गवंडी नाही म्हणेल, त्याला आधी कंपाउंडच्या भिंतीवर शिकू द्या. मातीचे ब्लॉक पाडायच्या नादाला मात्र लागू नका, नुसत्या काळ्या मातीचे टिकत नाहीत, तडकतात.

रंगपेटी
तीन आठवड्यांनी येतेय. सगळं प्रिंट काढून आर्किटेक्टकडे नेलं. आधी तोंड पाडलं त्यांनी, काच गेली म्हणून. मग मी त्यांना आमच्या सध्याच्या गाळ्यात दुपारी तीन वाजता बसवलं, एसी बंद करून. चहा पण दिला. वीस मिनिटांत म्हणाले, करू आपण खणांचं.

खड्डे घेतले. दोन ठिकाणी साडेसहा फुटांवर मुरूम, कडुलिंबाकडच्या खड्ड्यात आठ. फुटिंग मुरमात जातंय, पाइल नको म्हणाले. इमारत पूर्वेकडे सरकवून पश्चिमेला १८ फूट सोडले, झाड तिथेच राहतंय, पार्किंग त्याच्याच सावलीत. चौथा खण आता पूर्वेला मावत नाही, तो वर जाणार, म्हणून पाया एका मजल्याचा जास्त धरलाय. उत्तरेकडे ८ फुटावर खांबांची रांग घेतली. मधल्या खणात साउंड रूम. रस्त्याकडची भिंत कोरी राहतेय तर टीमने ठरवलं तिच्यावर आपणच रंगवायचं, दरवर्षी नवीन. एकूण खर्च ४० च्या थोडा वर जातोय, म्हणून सोलार पहिल्या वर्षी ३ किलोवॅटच, स्ट्रक्चर मात्र ५ चं.

एकच अडलंय. झाडाची एक मोठी फांदी छतावर येतेय, ती छाटू का?

निवृत्तओव्हरसियर
एक फांदी चालेल. पावसाळ्याच्या आधी, आणि कापाला डांबर फासू नका, तसाच सोडा.

साक्रीकडचा
ताई फांदी छाटली तरी जूनमध्ये निंबोळ्या पडतील आणि त्या खायला पाखरं येतील, बाकी तुम्ही समजून घ्या. पश्चिमेच्या टोकाला पॅनल टाकू नका, तिथे पाण्याची टाकी ठेवा.

वायरमनदादा
आणि त्या टाकीचा पाइप भिंतीबाहेरून.